शांत झोपेसाठी स्वयंपाकघरातून काय घ्यावे, किती आणि केव्हा

कोल्हापुरात कोणी झोप लागत नसल्याची तक्रार केली, की दोन-तीन सल्ले हमखास मिळतात. गरम दुधात जायफळ उगाळून घ्या, खसखशीची खीर खा, नाहीतर तालमीतल्या पैलवानांसारखी थंडाई घोटून प्या. हे सल्ले निराधार नाहीत, कारण जायफळ, खसखस, केशर, तीळ, केळे या सर्वांत झोपेशी किंवा मनःस्थितीशी संबंध असलेली द्रव्ये खरोखरच असतात. मात्र एखादे द्रव्य वनस्पतीत असणे, ते आपल्या पोटात जाणे आणि ते मेंदूपर्यंत पोहोचून तिथे काम करणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवरून तिसरी गृहीत धरली, की बहुतेक वेळा निराशा पदरी पडते आणि जायफळासारख्या पदार्थाच्या बाबतीत अपायही होतो. म्हणून पुढील मार्गदर्शन दुपारच्या चहापासून सुरू करून अंथरुणाला पाठ टेकेपर्यंतच्या क्रमाने दिले आहे, आणि प्रत्येक टप्प्यावर काय करावे याबरोबरच ते का करावे हेही सांगितले आहे.

आधी चहाची वेळ बदलावी

झोपेसाठी काय खावे हा प्रश्न विचारणाऱ्याला मी प्रथम शेवटचा चहा किती वाजता होतो हे विचारते, कारण वनस्पतीतून आपल्या पोटात जाणाऱ्या आणि झोपेवर निश्चित परिणाम करणाऱ्या द्रव्यांत कॅफिनइतका प्रबळ दुसरा पदार्थ आपल्या रोजच्या आहारात नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रुंगे यांनी १८१९च्या सुमारास ते कॉफीच्या बियांपासून वेगळे केले. दिवसभर जागे असताना मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि त्याच्या साठ्यामुळेच संध्याकाळनंतर पेंग येऊ लागते. कॅफिन हे ॲडेनोसिनच्या जागा अडवून बसते. थकवा शरीरात असतोच, फक्त त्याचा निरोप मेंदूला मिळत नाही.

शरीरातील निम्मे कॅफिन बाहेर पडायला साधारण पाच तास लागतात. काहींना तीन, काहींना सात, आणि गरोदर स्त्रियांना त्याहून बरेच अधिक. म्हणजे दुकानातून किंवा कचेरीतून परतल्यावर सहा वाजता घेतलेल्या चहातले निम्मे कॅफिन रात्री अकरालाही अंगात असते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन घेतलेल्या लोकांची झोप एक तासाहून अधिक कमी झाली होती. आपल्या कपभर चहात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफिन असते, त्यामुळे एका चहाचा परिणाम तेवढा मोठा होणार नाही. पण दुपारी तीननंतर पाहुण्यांबरोबर, शेजाऱ्यांबरोबर आणि टपरीवर मिळून चार चहा घेणाऱ्याने हा हिशेब स्वतःच मांडून पाहावा.

शेवटचा चहा दुपारी तीनपर्यंत घ्यावा. तो एकदम बंद केल्यास दोन-तीन दिवस डोके दुखते, म्हणून आठवडाभरात तो रोज थोडा कमी करत आणावा. हिरवा चहा झोपेला चांगला असतो या समजुतीने पुष्कळजण रात्री तो पितात. त्यात थिॲनिन नावाचे मन शांत करणारे द्रव्य असते हे खरे आहे आणि ते जपानमध्ये १९४९ साली चहाच्या पानांतूनच वेगळे करण्यात आले. पण त्याच कपात कॅफिनही असते, हे विसरून चालत नाही. चहापत्तीशिवाय गवती चहा, आले आणि बडीशेप यांचा काढा घ्यायला मात्र काहीच हरकत नाही.

माझ्या मते संध्याकाळच्या चहाची जागा घेण्यास सर्वांत योग्य पेय म्हणजे आपल्या भागातले हुलग्याचे माडगे. हुलगे निवडून खमंग भाजावेत आणि दळून त्यांचे पीठ डब्यात भरून ठेवावे. दोन माणसांसाठी तीन मोठे चमचे पीठ थोड्या थंड पाण्यात गुठळ्या राहू न देता कालवावे. दुसरीकडे दोन कप पाण्यात चवीपुरता गूळ आणि चिमूटभर मीठ घालून उकळी आणावी, त्यात कालवलेले पीठ बारीक धारेने सोडत सतत ढवळावे आणि मंद आचेवर आठ-दहा मिनिटे शिजू द्यावे. उतरवताना सुंठ आणि वेलदोड्याची पूड घालावी. हुलग्यात शंभर ग्रॅममागे सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात, आणि या प्रथिनांचा झोपेशी काय संबंध आहे, हे आता पाहू.

ट्रिप्टोफॅन दिवसा, भात संध्याकाळी

ट्रिप्टोफॅन हे प्रथिनांतले एक अमिनो आम्ल आहे. ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ हॉपकिन्स यांनी १९०१ साली त्याचा शोध लावला. आपले शरीर ते स्वतः तयार करू शकत नाही, ते अन्नातूनच मिळवावे लागते. मेंदूत त्याच्यापासून सेरोटोनिन तयार होते, जे मनःस्थितीशी निगडित आहे, आणि रात्री मेंदूतल्या पिनियल नावाच्या छोट्या ग्रंथीत सेरोटोनिनपासून मेलॅटोनिन बनते, जे शरीराला रात्र झाल्याची वर्दी देते. या रूपांतराला ब६ जीवनसत्त्व लागते. ते केळे, बटाटा, हरभरा आणि शेंगदाण्यात मिळते.

येथे केळ्याविषयीचा एक गैरसमज दूर केला पाहिजे. केळ्यात सेरोटोनिन असते, म्हणून केळे खाल्ल्याने मन प्रसन्न होते, असे सर्रास सांगितले जाते. केळ्यात ते असते, पण अन्नातले सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये जो अडसर असतो तो त्याला आत जाऊ देत नाही. आपल्या शरीरातलेही नव्वद टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आतड्यात असते आणि ते तिथलीच कामे करते. केळे जरूर खावे, पण ते ब६ जीवनसत्त्वासाठी आणि पिष्टासाठी.

ट्रिप्टोफॅन मात्र या अडसरातून आत जाऊ शकते. अडचण एवढीच, की त्याच दारातून इतर अनेक अमिनो आम्लेही आत जाऊ पाहतात आणि बहुतेक अन्नांत ती ट्रिप्टोफॅनपेक्षा कितीतरी अधिक असतात. भरपूर प्रथिने असलेले जेवण केले, की रक्तात ट्रिप्टोफॅन वाढते. पण त्याचे प्रतिस्पर्धी त्याहून अधिक वाढतात आणि दाराशी गर्दी होते. १९७०च्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत फर्नस्ट्रॉम आणि वुर्टमन या संशोधकांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून एक उलट वाटणारी गोष्ट दाखवून दिली. पिष्टमय जेवणानंतर रक्तात इन्सुलिन वाढते, ते इतर अमिनो आम्लांना स्नायूंकडे वळवते आणि रक्तातल्या प्रथिनाला चिकटून राहणारे ट्रिप्टोफॅन मागे उरते, म्हणून त्याला मेंदूत शिरायला वाट मिळते. जेवणात प्रथिनांचे प्रमाण थोडे जरी वाढले तरी हा लाभ बराच कमी होतो.

यावरून जेवणाची मांडणी कशी करावी हे ठरवता येते. ट्रिप्टोफॅनचा साठा दिवसा करावा आणि त्याला वाट करून देणारे हलके, भाताचे जेवण संध्याकाळी लवकर घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७च्या अहवालानुसार प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज ४ मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅन पुरते, म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीस २४० मिलिग्रॅम. शंभर ग्रॅम लाल भोपळ्याच्या बियांत ते साडेपाचशे मिलिग्रॅमच्या पुढे असते, तिळात साडेतीनशेच्या आसपास, काजूत पावणेतीनशेच्या आणि शेंगदाण्यात अडीचशेच्या आसपास. भोपळा चिरल्यावर बिया फेकून देण्याची आपल्याकडची सवय मला खरोखर खटकते. त्या धुऊन, उन्हात वाळवून, तव्यावर मंद भाजून सोलाव्यात आणि चटणीत घालाव्यात.

दुपारी जोंधळ्याची किंवा नाचणीची भाकरी, मटकीची उसळ आणि तीळ-शेंगदाण्याची चटणी असली, की दिवसाची गरज सहज भागते. जोंधळ्याबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. दख्खनच्या पठारावर जवळजवळ फक्त ज्वारीवरच जगणाऱ्या गरीब माणसांत पेलाग्रा हा रोग आढळत असे. त्यात त्वचा काळवंडते, जुलाब होतात आणि मनावरही परिणाम होतो. हैदराबादचे पोषणतज्ज्ञ सी. गोपालन आणि त्यांचे सहकारी यांनी १९६०च्या सुमारास ज्वारीतल्या ल्यूसिन या अमिनो आम्लाच्या आधिक्याशी त्याचा संबंध जोडला. शरीर नायसिन हे जीवनसत्त्वही ट्रिप्टोफॅनपासूनच बनवते, आणि एक मिलिग्रॅम नायसिनसाठी सुमारे साठ मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅन खर्ची पडते. म्हणून भाकरीबरोबर डाळ, उसळ किंवा झुणका असणे हा केवळ चवीचा प्रश्न नाही. नुसत्या भाकरी-ठेच्यावर दिवस काढू नयेत.

संध्याकाळचे जेवण शक्यतो सात-साडेसातला व्हावे आणि त्यात भात असावा. २००७ साली सिडनीतील संशोधकांनी १२ निरोगी पुरुषांवर केलेल्या प्रयोगात झोपण्याच्या चार तास आधी रक्तातली साखर लवकर वाढवणारा भात खाल्ल्यावर झोप लागायला सुमारे ९ मिनिटे लागली, तर सावकाश पचणारा भात खाल्ल्यावर सुमारे साडेसतरा मिनिटे. प्रयोग लहान होता आणि फरक काही मिनिटांचाच होता, तरी वरच्या कारणमीमांसेशी तो जुळणारा आहे. आजरा घनसाळचा मऊ भात, पातळ वरण किंवा कढी आणि एखादी भाजी एवढे पुरेसे आहे. मधुमेह असलेल्यांनी मात्र हा प्रयोग करू नये. त्यांनी भाताचे प्रमाण आपल्या डॉक्टरांनी सांगितले असेल तेवढेच ठेवावे.

तांबडा रस्सा आणि सुके मटण यांच्या बाबतीत मी कोल्हापूरकरांना नको म्हणणार नाही, पण ते दुपारी खावे. तिखटातल्या कॅप्सेसिनमुळे शरीराचे तापमान वाढते, तर झोप लागण्यासाठी ते किंचित उतरावे लागते. शिवाय तेलकट-तिखट जेवून लगेच आडवे झाल्यास छातीत जळजळ होते. रविवारी रात्री दहाला मटणाचे जेवण आणि सोमवारी सकाळी झोप न झाल्याची तक्रार, ही जोडी मी अनेक घरांत पाहिली आहे.

मोहरीतले मेलॅटोनिन

वनस्पतींतही मेलॅटोनिन असते हे १९९५ साली उघड झाले आणि त्यानंतर मोहरी, मेथी, खसखस यांच्या बियांतही ते मोजले गेले. ही बातमी वाचून फोडणीतली मोहरी वाढवण्याचे कारण नाही. एका ग्रॅम मोहरीत ते शंभर ते दोनशे नॅनोग्रॅम असते, म्हणजे अख्खा चमचाभर मोहरी खाल्ली तरी एक मिलिग्रॅमच्या गोळीतल्या मेलॅटोनिनच्या हजाराव्या भागाइतकेही ते भरत नाही. आपले शरीर रात्री स्वतःच मेलॅटोनिन तयार करते. त्याला हवा असतो तो अंधार, म्हणून जेवणानंतर घरातले दिवे मंद करणे आणि मोबाइल दूर ठेवणे हे कोणत्याही बीपेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

जायफळ: वेढे मोजून

माझी आई सहाणेवर जायफळ उगाळताना वेढे मोजत असे. मोठ्या माणसाच्या दुधासाठी तीन किंवा चार वेढे, आणि मग ते जायफळ लगेच डब्यात बंद. त्या मोजण्यामागचे रसायनशास्त्र तिला ठाऊक नव्हते, पण मोजण्याचे महत्त्व ती जाणून होती. जायफळाच्या तेलात मायरिस्टिसिन आणि एलेमिसिन ही द्रव्ये असतात. प्राण्यांवरील काही प्रयोगांत जायफळाच्या अर्काने गुंगी वाढल्याचे दिसले आहे, पण माणसांच्या झोपेसाठी त्याचा खात्रीचा पुरावा नाही. मोठ्या मात्रेत काय होते ते मात्र पक्के माहीत आहे. साधारण पाच ग्रॅम, म्हणजे जवळपास एक अख्खे जायफळ पोटात गेले तर तोंड कोरडे पडते, छाती धडधडते, मळमळते, माणूस गोंधळतो आणि नसलेल्या गोष्टी दिसू लागतात. हा परिणाम तीन ते सहा तासांनी सुरू होतो आणि दिवसभर किंवा त्याहून अधिक टिकतो.

या उशिरा दिसणाऱ्या परिणामातच खरा धोका आहे. अर्ध्या तासात झोप आली नाही म्हणून माणूस पुन्हा उगाळतो, पुन्हा घेतो, आणि पहाटे त्रास सुरू होतो. म्हणून रात्रीच्या कपभर दुधात तीन-चार वेढे किंवा किसणीवर किसलेली एक चिमूट, एवढेच प्रमाण ठेवावे आणि ते त्या रात्री पुन्हा घेऊ नये. गरोदर स्त्रियांनी ही चिमूटही औषध म्हणून घेऊ नये. तान्ह्या मुलांना गुंगी यावी या हेतूने गुटीत जायफळ उगाळणे पूर्णपणे थांबवावे. बाळ रात्री रडत असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारावे. ज्या वजनाच्या शरीरासाठी आई वेढे मोजत होती, ते शरीर बाळाचे नव्हते.

खसखस आणि थंडाई

पांढऱ्या रश्शाला खसखशीशिवाय दाटपणा आणि ती विशिष्ट मऊ चव येत नाही. तिचे झाड अफूचेच. मॉर्फिन आणि कोडीन ही द्रव्ये बोंडाच्या चिकात असतात, बियांच्या आत ती जवळजवळ नसतात. मात्र काढणीच्या वेळी चीक बियांना लागतो आणि म्हणून बाजारातल्या खसखशीत त्यांचा अंश कमी-अधिक सापडतो. धुतल्याने आणि शिजवल्याने तो बराच कमी होतो. खसखस एका वाटीत घेऊन पाणी घालून चोळावी, ते पाणी ओतून द्यावे, असे दोनदा करावे आणि मगच नव्या पाण्यात तासभर भिजत घालावी. भिजवलेले पाणी झोपेसाठी पिण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच मानू नये, कारण त्या पाण्यात उतरणाऱ्या अंशाचे प्रमाण कोणालाच सांगता येत नाही.

स्पर्धेत उतरणाऱ्या मल्लांना येथे स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे. स्पर्धेच्या काळात मॉर्फिन हे निषिद्ध द्रव्यांच्या यादीत आहे आणि खसखस खाल्ल्यावर त्याचा अंश लघवीत उतरतो, म्हणून उत्तेजक चाचणी असलेल्या कुस्तीच्या आधीचे काही दिवस थंडाईतून खसखस वगळावी. तसेच संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेण्यास मनाई आहे. तिकडे राहणाऱ्या मुलांसाठी कांदा-लसूण मसाला पाठवताना तो खसखस न घालता वेगळा कुटून घ्यावा.

थंडाईसाठी दोन माणसांच्या मापाने दहा बदाम, एक मोठा चमचा कलिंगडाच्या सोललेल्या बिया, वरीलप्रमाणे धुतलेली एक लहान चमचा खसखस आणि तेवढीच बडीशेप रात्रभर किंवा किमान चार तास भिजवावी. बदाम सोलून घ्यावेत. चार मिरे आणि दोन वेलदोडे घालून हे सर्व पाट्यावर किंवा कुंडीत अगदी गंधासारखे घोटावे, उकळून कोमट केलेल्या दुधात मिसळावे आणि खडीसाखर घालून गाळून घ्यावे. गंगावेशीत डोळ्यांसमोर पिळलेले दूध पिण्याची कोल्हापुरी हौस मला ठाऊक आहे आणि त्या दुधाच्या चवीबद्दल वादच नाही. तरी घरात वृद्ध, लहान मुले किंवा गरोदर स्त्री असेल तर दूध उकळूनच वापरावे. थंडाई झोपेच्या तास-दीड तास आधी घ्यावी. बदाम आणि बियांतून मॅग्नेशियम मिळते, भुकेने रात्री जाग येत असेल तर ती थांबते, आणि शांत बसून काहीतरी पिण्याने दिवस संपल्याची शरीराला सवय लागते. याहून अधिक दावा मी थंडाईबद्दल करणार नाही. भांग तिच्यात घालू नये.

केशर, अश्वगंधा आणि रानातल्या वनस्पती

केशराच्या बाबतीत पुरावा जायफळापेक्षा बरा आहे. मुख्यतः इराणमध्ये झालेल्या लहान चाचण्यांत सौम्य ते मध्यम नैराश्यात रोज ३० मिलिग्रॅम केशराचा उपयोग झाल्याचे दिसले. ३० मिलिग्रॅम म्हणजे साधारण पंधरा काड्या, आणि त्या चाचण्यांत बहुधा मोजून दिलेला अर्क होता. दुधातल्या चार काड्यांकडून तेवढी अपेक्षा ठेवू नये, आणि चालू असलेले औषध केशराच्या भरवशावर तर कधीच सोडू नये.

अश्वगंधेच्या शास्त्रीय नावातच झोप आणणारी असा अर्थ आहे, पण ती स्वयंपाकातली वस्तू नव्हे. तिच्यामुळे काही लोकांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि थायरॉईडच्या औषधांशी तिचा संबंध येतो, म्हणून ती वैद्यांच्या देखरेखीखालीच घ्यावी. सह्याद्रीच्या रानात वाढणाऱ्या खाजकुइलीच्या बियांत एल-डोपा असते. मद्रासमधल्या संशोधकांनी ते १९३७ साली त्यातून वेगळे केले आणि आज कंपवाताच्या रुग्णांना तेच द्रव्य मोजून दिले जाते. सर्पगंधेतून १९५२ साली मिळालेल्या रेसर्पिनने रक्तदाब उतरला, पण काही रुग्णांना खोल नैराश्यही आले. रानातले म्हणून निरुपद्रवी, असे मानणाऱ्याने ही दोन नावे लक्षात ठेवावीत आणि अशा बिया-मुळ्या घरी कुटून घेऊ नयेत.

ट्रिप्टोफॅनच्या गोळ्यांनाही हेच लागू आहे. १९८९ साली अमेरिकेत अशा गोळ्यांच्या दूषित साठ्यामुळे दीड हजारांहून अधिक लोक स्नायूंच्या गंभीर आजाराने पछाडले गेले आणि काही दगावले. नैराश्याची औषधे चालू असताना ट्रिप्टोफॅनच्या किंवा त्याच्यापासून बनवलेल्या पूरक गोळ्या स्वतःच्या मनाने घेतल्यास सेरोटोनिन धोकादायक प्रमाणात वाढू शकते. तीळ, हुलगे आणि शेंगदाणे खाण्याने असे होत नाही.

आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री झोप न लागणे तीन महिन्यांपर्यंत चालू राहिले, घोरताना श्वास अडकत असल्याचे घरच्यांनी पाहिले, किंवा दोन आठवडे मन सतत खिन्न राहिले, तर स्वयंपाकघरातले उपाय बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. मनावरचा भार असह्य होत असेल तर केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीतही बोलता येते.

वरील सर्व बदल एकदम सुरू करू नयेत, नाहीतर कशाचा उपयोग झाला हे कळणार नाही. पहिल्या आठवड्यात फक्त शेवटच्या चहाची वेळ बदलावी आणि त्याच्या जागी माडगे घ्यावे, दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळचे जेवण लवकर आणि हलके करावे, आणि दुधातले जायफळ किंवा थंडाई तिसऱ्या आठवड्यावर ठेवावी. उशाशी एक वही ठेवून रोज सकाळी चार गोष्टी लिहाव्यात: शेवटचा चहा किती वाजता झाला, जेवण किती वाजता झाले, अंथरुणावर गेल्यावर अंदाजे किती वेळाने झोप लागली आणि रात्रीतून किती वेळा जाग आली. डॉक्टरांकडे जाण्याची वेळ आली तर ही वही बरोबर न्यावी.